शिंकेल त्यानं गोठ्यात बसावं

पोखर्णीच्या पुढच्या एका गावात काशीनाथ मास्तर विज्ञान शिकवायचे. शिंक का येते, हे ते फळ्यावर भलंमोठं नाक काढून समजावत आणि शेवटी सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेत, "शिंकेनं काम बिघडत नाही!" मग घरी येत, आणि कुठं निघायचं असलं की आधी आपल्या पोरीला, सुमंगलाला, गोठ्यात पाठवत. वा रे विज्ञान! स्वतःला असं मनातल्या मनात हिणवायची मास्तरांना सवय होती. तेवढं केलं की आपण सुधारलो, असं त्यांना वाटे.

सुमीचं नाक बापावर गेलेलं. फोडणीचा ठसका, कापसाची धूळ, काहीही पुरायचं. ती पाच वर्षांची असताना मास्तर हेडमास्तरकीच्या मुलाखतीला निघाले आणि पोरगी शिंकली. मुलाखतीत एका साध्या प्रश्नाला मास्तरांची दातखीळ बसली. आदल्या दिवशी पुस्तक उघडलं असतं तर उत्तर आलं असतं. पण घरी येऊन "पोरगी आडवी शिंकली" म्हणणं सोपं होतं. ते त्यांनी म्हटलं. झालं, घराला दोष टांगायला खुंटी सापडली. मास्तरांच्या धाकट्या भावाची, भुजंगची, सोयरीक मोडली ती सुमीमुळं. त्यानं वरून सायकल नि घड्याळ मागितलं होतं, ते कोणी काढलं नाही. म्हैस आटली, सुमीमुळं. पाथरीच्या रस्त्यावर मोटार पंक्चर झाली तेव्हा पोरगी घरी तापानं फणफणली होती, तरी आजीनं, धुरपताबाईनं, विचारलंच, "सकाळी शिंकली व्हती का ती?"

पुढं पुढं सांगावंही लागेना. कुणी चपला पायात घातल्या की सुमी हातातलं काम ठेवून गोठ्याकडं चालू लागायची.

"पोरगी लय समजदार हाय," मास्तर म्हणायचे.

"समजदार न्हाई, भेलेली हाय," त्यांची बायको नर्मदाबाई म्हणायची. मग मास्तर पेपर वाचायला घेत.

शहाऐंशी साली सुमी सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसली. गावातून ती एकटीच. परीक्षा परभणीला, आणि तिकडं जाणारी सकाळची मोटार एकच. ती चुकली की परीक्षा बुडाली. आजीनं पोरीच्या हातावर दही ठेवलं आणि वाटी ठेवायला आत वळली. मास्तरांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला, आणि जोरात शिंक आली. मास्तरांना.

"कोण शिंकलं गं?" आजी आतून ओरडली.

मास्तरांनी घाईघाईनं नाक पुसलं.

"मी, आजी," सुमी म्हणाली. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि गोठ्याकडं निघाली. आज जायचं होतं तिलाच, तरी निघाली.

"बसा आता घडीभर, पानी प्या," आजी बाहेर येत म्हणाली. "औंदा न्हाई तर म्होरच्या साली दील परीक्षा."

सातवीची परीक्षा पुन्हा पुढच्या साली देता येत नाही, हे मास्तरांना माहीत होतं. पाराजवळ मोटारीचा हॉर्न वाजला. फळ्यावर जगाचं नाक काढणाऱ्या या बहाद्दराला स्वतःचं नाक कबूल करवेना! मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माय, मी शिंकलो," एकदाचे ते म्हणाले.

"तू व्हय?" म्हातारी हसली. "मंग काय न्हाई. खडूची धूळ गेली आसंल नाकात. जा लौकर, मोटार चुकंल."

म्हणजे बापाची शिंक ती धूळ, आणि लेकरू सात वर्षं गोठ्यात. मास्तर धावतच तिकडं गेले. सुमी म्हशीपाशी नाक चिमटीत धरून बसली होती.

"सुमे, शिंकलो मी. तू कामून आपलं नाव घेतलंस?"

"शिंकंल त्याला हितं बसावं लागतं, अप्पा. तुमाला शेणाचा वास सोसत न्हाई."

मास्तरांना रडूच कोसळलं. पोरीचा हात धरून ते पळत सुटले. एक चप्पल वाटेत तुटली, ती तिथंच टाकली. ओळखीच्या ड्रायव्हरनं मोटार थांबवून धरली होती. दोघं बसली, मोटार हलली आणि खिडकीतून भपकन धूळ आत आली. सुमीनं दोन्ही हातांनी नाक दाबलं.

"सोड माय, शिंक खुशाल," मास्तर म्हणाले. "शिंकेनं काम बिघडत न्हाई."

"परीक्षा झाल्यावर सोडते, अप्पा," ती दाबल्या नाकातून म्हणाली.