एका फोनवरची सतरा माणसं

दीपमालाने एंटर दाबलं आणि खुर्ची मागे ढकलून दोन्ही हात डोक्यावर घेतले. पडद्यावर ओळी भराभर वर सरकू लागल्या. प्रत्येक ओळीत एक नोंदणी क्रमांक, एक फोन नंबर, एक जन्मतारीख आणि शेवटी एकच शब्द : काढली. अशा दोनशे बारा ओळी. टेबलावरचा चहा निवायच्या आत सगळा मामला आटोपला.

"झालं सर," ती म्हणाली.

"झकास. खुशालरावले फोन करून दे," विपुलने पलीकडच्या टेबलावरून सांगितलं. अमरावतीच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मालक तोच, हिशेबनीस तोच आणि फॅन बंद पडला की स्टुलावर चढणाराही तोच. वर्षभरापूर्वी अकोल्याच्या एका धर्मादाय नेत्रालयाचं काम त्याला मिळालं होतं. मोतीबिंदूच्या फुकट ऑपरेशनसाठी खेड्यापाड्यांतून नावं नोंदवली जायची, ती सगळी यादी क्लाउडवर ठेवायची आणि नंबराप्रमाणे लोकांना बोलावणं धाडायचं. यादी फुगत चालली होती. लोक धीर धरत नाहीत. एकदा नाव दिलं की महिन्याने पुन्हा येऊन देतात, न जाणो पहिलं हरवलं असेल तर! ती दुबार नावं काढायचं काम दीपमालाकडे आलं होतं.

तिने अट घातली होती ती अशी : फोन नंबर तोच आणि जन्मतारीखही तीच, तर माणूस तोच. सगळ्यात जुनी नोंद ठेवायची, बाकीच्या काढायच्या. नावावर तिने भरवसा ठेवला नव्हता, कारण कुणी मराठीत लिहिलेलं, कुणी इंग्रजीत, कुणाचं आडनाव आधी. पुसण्याआधी तिने दहा नोंदी तपासल्यासुद्धा होत्या. दहाही दुबारच निघाल्या. मग आणखी काय पाहायचं?

शुक्रवारी सकाळी साडेदहाला खुशालरावांचा फोन आला. नेत्रालयात नावं नोंदवून घेणारे ते. एरवी मोठा गोड माणूस, पण आज आवाज चढलेला होता.

"मॅडम, इथं एक बाई बसून हाये. पंचफुलाबाई. बार्शीटाकळीच्या तिकडून आली. मी स्वतः तिचं नाव घेतलं होतं, अन् आता ते दिसून नाई राह्यलं."

"फोन नंबर सांगा काका."

त्यांनी नंबर सांगितला. दीपमालाने शोधला. त्या नंबरावर तीन माणसं होती. जन्मतारखा : एक जून एकोणीसशे पन्नास, एक जून पंचावन्न, एक जून साठ.

"काका, या नंबरावर किती जणांनी नाव दिलं होतं?"

"सतरा. टेम्पो भरून आले होते ना! साऱ्यायचा मिळून तोच एक फोन."

"आणि सगळ्यांची जन्मतारीख..."

"एक जून. त्यायले कुठं तारीख माहीत हाये? मी साल अंदाजानं टाकलं अन् एक जून लावून देल्ला. सारेच लावतात."

सारेच लावतात हे दीपमालाला कुणी सांगायला हवं होतं का? तिच्या बापाची, धर्मपाल इंगळेंची जन्मतारीख एक जूनच होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली. एकतीस मेला त्यांच्या कार्यालयातले अकरा जण एकाच दिवशी निवृत्त झाले, तेव्हा शाली कमी पडल्या म्हणून घरात आठवडाभर हसू चाललं होतं. त्या हसण्यात ती सगळ्यांत पुढे होती. आणि अट लिहिताना अक्कल कुठे गहाण पडली होती देव जाणे.

तिने विपुलला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"बॅकअप?" त्याने विचारलं.

"तुम्हीच म्हणाले होते, सध्या राहू दे."

विपुल नजर चुकवत म्हणाला, "हे पाय, ज्याले गरज असेल तो येईल अन् नव्यानं नाव देईल. आपण कायले ओरडत सुटायचं?"

"नव्याने म्हणजे यादीच्या शेवटी सर. उद्या चार वाजता यंदाच्या शिबिराची यादी छापणार आहेत. तिच्यात नसलं की गेलं वर्ष. त्या लोकांना दिसत नाहीये सर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिने ते पुसलंही नाही. विपुलने एक मोठा श्वास सोडला.

"तुह्याजोळ काय उरलं हाये?"

उरली होती ती पडद्यावरून सरकलेली ओळ न् ओळ. तिने ती फाईलमध्ये जपली होती. क्रमांक होता, फोन होता, तारीख होती. नाव तेवढं नव्हतं. नाव मिळालं तर माणूस आपल्या जुन्या नंबरावर परत बसवता येणार होता.

दोनशे बारा नोंदी, एकसष्ट फोन. विपुलने अर्धे फोन स्वतःकडे ओढले, दारावरची "जेवायची सुट्टी" पाटी उलटी केली आणि दोघं बसले. "तुमच्या फोनवर आणखी कोणाकोणाची नावं दिली होती?" एवढाच प्रश्न. संध्याकाळपर्यंत घसा बसला, पण साठ फोनांवरची नावं लागली. काही खरंच दुबार निघाली. उरला फक्त पंचफुलाबाईंचा फोन; त्या तोवर गावी परतल्या होत्या. तो त्या उचलत, "हालो, हालो, कोन बोलून राह्यलं?" एवढं जोरात ओरडत आणि ठेवून देत. शेवटी खुशालरावांनी शेजारच्या माणसाकरवी निरोप धाडून त्यांना शनिवारी पुन्हा बोलावलं आणि दीपमाला सकाळच्या एसटीने मूर्तिजापूरवरून अकोल्याला निघाली.

नेत्रालयाच्या व्हरांड्यात बाकावर एक ठेंगणी बाई पाय वर घेऊन बसली होती. डाव्या डोळ्याचं बुबुळ दुधासारखं पांढरं. मांडीवर बटणांचा मोबाईल, त्याला रबरबँड गुंडाळलेलं.

"मावशी, मी दीपमाला. बार्शीटाकळीच्या धर्मपाल इंगळेंची पोरगी."

"जयभीम वो माय! धर्मपालची पोरगी तू? बस, बस."

दीपमाला बसली. बसमध्ये तिने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. ते एका क्षणात उडालं.

"जयभीम मावशी. तुमची नावं मी पुसली."

"तू? काहून?"

"फोन एकच, तारीख एकच. मले वाटलं, माणूस एकच आहे."

पंचफुलाबाईंनी आधी तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग त्या पोट धरून हसायला लागल्या. "अवो बाप्पा! सतरा माणसाईचं एक माणूस केलं! एवढं खाऊ घालन कोन त्याले!" हसता हसता त्यांनी दीपमालाच्या पाठीवर एक दणका ठेवून दिला. तिथेच दीपमालाच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं.

लॅपटॉप उघडून ती म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. रांगेत कोणामागे कोण होतं, आठवतं?"

"आठवाचं काय त्याच्यात? टेम्पोच्या मागच्या फळीजोळचे पहिले उतरले, तेच पहिले रांगेत लागले. लिही."

आणि त्या सांगू लागल्या. फळीजवळ गोपाल, त्याला उलटी होते म्हणून. त्याच्या मागे लीलाबाई. मग वच्छला, तिच्या पिशवीत साऱ्यांच्या भाकरी. कोण कुणाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलं होतं, कुणाची चप्पल टेम्पोतच राहिली, हेसुद्धा. दीपमाला प्रत्येकाचं अंदाजे वय विचारत एकेक नाव क्रमांकासमोर बसवत गेली. साल जुळत होतं. दहावं नाव झालं, अकरावं झालं. बारावं लिहिलं आणि साल चुकलं.

तिने पुन्हा पाहिलं. पुढची चारही नावं विचारून घेतली. सगळी एकेक घर खाली सरकवली की चोख बसत होती. बारावं घर मोकळं राहत होतं. एक जून, एकोणीसशे पन्नास.

"मावशी, अकराव्या माणसामागं एक जण राहिलं."

"नाई राह्यलं."

"सतरा होते ना?"

"सोळाच होतो आमी." पंचफुलाबाईंनी पदर ओढून घेतला आणि त्या रस्त्याकडे पाहू लागल्या.

खिडकीतून खुशालराव काही बोलायला गेले. दीपमालाने हाताने थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मावशी, मी काही जबरदस्ती करत नाही," ती हळू म्हणाली. "पण इथं एक माणूस आहे आणि त्याचं नाव माझ्याजवळ नाही. कोणाजवळच नाही. चार वाजता यादी छापली की त्याचा नंबर गेला. पुसलं मीच, पण आता मला एकटीला ते परत आणता येत नाही."

पंचफुलाबाई रबरबँड ताणत आणि सोडत राहिल्या.

"माही जाऊ हाये ते," अखेर त्या म्हणाल्या. "भिंतीले भिंत लागून घर. दिवाळीनंतर पोराचं लगन केलं. साऱ्या गावाले घरोघरी माणूस धाडून बोलावलं, अन् आमाले? मोबाईलवर पत्रिका धाडली! माह्या पोराच्या मोबाईलवर. दहा पावलं चालणं नाई झालं तिच्यानं. गेलीच नाई मी. तवापासून तिचं नाव नाई घेतलं या तोंडानं."

दीपमालाच्या घरीही असल्या मानपानावरून दोन मावश्या आठ वर्षं बोलत नव्हत्या.

"काही दिसते का त्यांना?" तिने नुसतं विचारलं.

पंचफुलाबाईंनी ओठ मुडपले, उघडले.

"कायचं दिसते! दोन्ही डोये गेले. परवा चुलीची लाकडं समजून माहीच झाडनी उचलून नेली अंगणातून." मग आवाज खाली आला. "तेव्हाही दिसलं नसन म्हना. दहा पावलं."

हे त्या दीपमालाला सांगत नव्हत्याच. दीपमालाने पडद्यावरून नजर काढली नाही.

"लिही," पंचफुलाबाई एकदम म्हणाल्या, रागावल्यासारख्या. "पार्बता. पार्बताबाई लिही. मोठी हाये माह्याहून."

नाव बसलं. साल जुळलं. खुशालरावांनी खिडकीतून हुश्श केलं आणि छपाईवाल्याला फोन लावला. आता दीपमालाचं एकच काम उरलं होतं. पुन्हा असा घोळ नको म्हणून ज्याच्या घरी दुसरा फोन असेल त्याचा नंबर ती बदलून घेत होती. सहा जणांचे तसे बदलून झाले होते.

"मावशी, पार्बताबाईंच्या मुलाजवळ फोन आहे ना? त्याचा टाकते. म्हणजे बोलावणं थेट त्यांच्या घरी जाईल. तुम्हाला मधे पडायचं काम नाही."

पंचफुलाबाईंनी मोबाईल हातात घेतला, उजव्या डोळ्याजवळ नेला. नंबर त्यांच्याजवळ होता.

"नको," त्या म्हणाल्या. "माहाच राहू दे."

"पण निरोप आला तर तुम्हाला सांगायला जावं लागेल."

"जाईन ना मंग. घरी जाऊनच सांगा लागते असं."

दीपमालाने होय म्हटलं आणि तोच नंबर पुन्हा टाकला.