सिग्नलला पहिला गिअर

आमच्या घरात भांडणाला विषय शोधावा लागत नसे. सिग्नलला मोटारसायकल उभी केली की ती गिअरमध्ये ठेवायची की न्यूट्रल करायची, हा एक विषय लग्नापासून पुरला.

आमचे हे मोटारसायकल शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही इथे मास्तरच म्हणते. एरवी मी 'अहो' म्हणते, आणि रागात असले की काहीच म्हणत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या मोकळ्या जागेत चुन्याने आठाचा आकडा आखलेला होता. त्यावरून नवशिक्यांना फिरवायचं, पडणाऱ्याला उचलायचं आणि मग एक दिवस खऱ्या रस्त्यावर न्यायचं, हे त्यांचं काम. रस्त्यावर नेलं की पहिला धडा सिग्नलचा.

"गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, एक पाय खाली, नजर आरशात," मास्तर सांगायचे. "मागच्याचा ब्रेक लागला नाही तर तुला सुटता आलं पाहिजे. न्यूट्रलमध्ये बसलेला माणूस म्हणजे रस्त्यात ठेवलेली खुर्ची. कुणीही येऊन आदळावं."

शेजारच्या गॅरेजवाल्याचं मत बरोबर उलटं. तो म्हणायचा, "मास्तर, सारखा क्लच दाबून धरला की केबल तुटते. हात दमतो. दमलेला हात सुटला की गाडी उडी मारते आणि पुढून चाललेल्या म्हातारीच्या अंगावर जाते. माझं ऐकलं नाहीत तर धंदा माझाच होतो, तरी सांगतोय."

"तू गाड्या उघडतोस, मी माणसं रस्त्यावर सोडतो," मास्तर म्हणायचे. मग दोघांचा चहा गार व्हायचा आणि तो मलाच पुन्हा तापवावा लागायचा.

माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. पँटची उंची कमी करा, चेन बदला, कंबर सैल करा. मास्तर रोज सकाळी मला दुकानावर सोडून पुढे स्कूलला जायचे. मी कायम मागे. मागे बसून बसून मला त्यांची पाठ त्यांच्या तोंडापेक्षा चांगली वाचता येते असा माझा समज होता. तो किती खरा होता ते पुढे कळलंच.

एका सकाळी मोठ्या चौकात आम्ही थांबलो आणि त्यांच्या पायाखाली टक्क वाजलं. मी वाकून पाहिलं, तर मीटरवर हिरवा दिवा. गाडी चक्क न्यूट्रलमध्ये. मास्तर डावा हात मांडीवर पुसत होते.

"काय हो, गॅरेजवाल्याने लाच दिली का?" मी म्हटलं.

"वय झालं आता. पळून कुठे जायचंय?"

मला इतकं हसू आलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी ती बातमी संध्याकाळी गॅरेजवाल्याला पोचवली. तो हात फडक्याला पुसत पुसत अभिनंदन करायला आला. "शेवटी आलात वळणावर," म्हणाला. मास्तर नुसते हसले आणि आत जाऊन बसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि वाद न सोडणं ही तर या माणसाची जन्माची खोड. ती अशी सहज गेली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट नवरा सुधारला म्हणून मी खूश झाले.

मग एक दिवस त्यांनी हातमोजे आणून माझ्या पुढ्यात टाकले. गाडी चालवताना घालायचे, चामड्याचे. "डावा सैल झालाय. जरा आत घे."

मी दोन्ही मोजे शेजारी ठेवून पाहिले. चामडं ताणलं गेलं की शिवणीजवळ पांढुरकं पडतं. डाव्यावर तसलं काही नव्हतं. दोघांची मापं सारखी, शिवण जशीच्या तशी. इतकी वर्षं मी लोकांची कापडं आत घेतेय. सैल होतं ते कापड की आतला माणूस, हे मला कुणी सांगायला नको.

"हात बघू," मी म्हटलं.

"हाताचं काय बघायचंय?"

"बघू म्हटलं ना."

त्यांनी हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे जो मांसल उंचवटा असतो, तो खाली बसला होता. तिथे खळगा पडला होता. मी त्यात माझा अंगठा ठेवला तर तो मावला. त्या खळग्याच्या कडेला कातडीखाली काहीतरी बारीक बारीक फडफडत होतं, आणि मास्तर दुसरीकडे बघत होते.

"कधीपासून?"

"क्लच जड लागायला लागला तेव्हापासून. आधी वाटलं केबल खराब असेल. गॅरेजवाल्याकडून गुपचूप बदलून घेतली. तरी जडच."

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या होत्या, पण बोलल्या मोठ्या माणसासारख्या, खुर्ची जवळ ओढून. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, म्हणाल्या. एका हातापासून सुरुवात झालीय, तिथे थांबणार नाही. हातपाय, मग बोलणं, गिळणं. डोकं मात्र लख्ख राहील. औषधाने थोडा वेळ मिळतो, बरं होत नाही. आजारपण हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं माझी आई म्हणायची. हे मुंगीच्या पावलांनी आलं होतं आणि जाणार नव्हतं.

"गाडी चालवता का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"शिकवतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी लगेच काम सोडलं नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. पण पुढच्याच आठवड्यात एका मुलीला सिग्नलला कसं उभं राहायचं ते आधी मोकळ्या जागेत दाखवताना त्यांची बोटं लिव्हरवरून सुटली. गाडीने उडी मारली आणि मास्तर समोरचे शंकू उधळत चुन्याच्या रेघेवर आडवे झाले. लागलं काही नाही. मास्तरांनी क्लच सोडल्यावर काय होतं ते मुद्दाम करून दाखवलं, असं त्या मुलीला वाटलं. तिने समजल्यासारखी मान डोलावली. मास्तरांनी कपडे झटकले, तिचा धडा पुरा केला आणि दुपारी मालकाच्या टेबलावर किल्ली ठेवून घरी आले. त्या मुलीची मान डोलावणं त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते हसत होते. मला नाही हसू आलं.

मग म्हणाले, "आता तू शिक."

"मी? या वयात? आणि माझ्याकडे बघून हसतील त्यांना तोंड तुम्ही देणार का?"

"मला दवाखान्यात कोण नेणार? दर वेळी टॅक्सीत घालून न्यायला मी काय सामान आहे?"

इतक्या वर्षांत त्यांनी जगाला शिकवलं, मला नाही. एका घरात गाडी चालवणारे दोघं असले की एक कायम दुसऱ्याचा ब्रेक दाबत बसतो, असं त्यांचं म्हणणं. आता संध्याकाळी स्कूल बंद झाल्यावर त्या आठाच्या आकड्यावर मी फिरायला लागले आणि ते कडेला स्टुलावर बसून सांगायला लागले. मी त्यांच्या ओरडण्याची तयारी ठेवून गेले होते. पण ते ओरडलेच नाहीत. मी गाडी बंद पाडली, शंकू पाडले, एकदा स्वतःच पडले; त्यांचा आवाज चढला नाही. घरात मीठ मागतानासुद्धा हा माणूस यापेक्षा जोरात बोलायचा. याच्या हाताखाली शिकलेली मुलं वर्षांनंतरही रस्त्यात थांबून नमस्कार का करतात, ते मला तेव्हा समजलं. आणि समजून फार वाईट वाटलं, कारण हा माणूस मला इतक्या उशिरा भेटत होता.

रस्त्यावर आल्यावर ते मागे बसले. सिग्नलला मी थांबले की कानाशी आवाज यायचा, "पहिला गिअर. क्लच दाबलेला. आरसा."

"गॅरेजवाला म्हणतो की..."

"गॅरेजवाल्याला मागे बसवलंयस का? मी बसलोय."

मला लायसन्स मिळालं. आम्ही व्यायामासाठी दवाखान्यात जायला लागलो. डाव्या हातात पकड उरली नव्हती, म्हणून मी जाड पट्ट्याचा एक कमरपट्टा शिवला आणि त्याला दोन बाजूंना कापडी कड्या लावल्या. तो मी माझ्या कमरेला बांधायचा आणि त्यांनी कड्यांत हात अडकवायचे. डावा नुसता लोंबायचा, उजवा धरून ठेवायचा. मग उजव्याचंही तेच सुरू झालं. मी गाडी हळूच सोडायची, भरलेली घागर न्यावी तशी. एकदा आमच्या कोपऱ्यावर जरा झटक्यात सुटली तर ते मागे कलंडलेच. फुटपाथवरच्या एका माणसाने पाठीला हात दिला म्हणून सावरले.

सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. लेक फोनवर रडली. गॅरेजवाला सीटमागे टेकू बसवून देतो म्हणाला, मापं घेऊन गेला. मी म्हटलं, तोवर तुम्हाला माझ्या पाठीशी ओढणीने बांधून घेते. त्यावर मास्तर भडकले. "बांधून नाही घेणार. गाडी पडली तर माझं ओझं तुझ्या अंगावर. कड्या ठीक आहेत. कड्यांतून हात निघतो."

तेव्हा मला वाटलं, पडताना हात मोकळे असावेत म्हणून म्हणताहेत.

टेकू तयार व्हायच्या आत ती दुपार आली. दवाखान्यातून परत येत होतो. मोठ्या चौकात लाल लागला. मी शिकवल्याप्रमाणे थांबले: पुढच्या मोटारीपासून अंतर ठेवून, तिच्या डाव्या अंगाला निघायला वाट ठेवून. पहिला गिअर, क्लच दाबलेला. आरशात पाहिलं तर पाण्याचा टँकर. तो थांबणाऱ्या गाडीसारखा येत नव्हता.

मास्तरांनीही पाहिला असणार. त्यांचं बोलणं एव्हाना जड झालं होतं, पण तो शब्द स्वच्छ आला.

"नीघ."

वाट मोकळी होती. चार बोटं उचलायची, बस्स. आणि त्याच वेळी माझ्या कमरेचा पट्टा सैल झाला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मागे पाहायची गरज नव्हती. त्यांनी हात कड्यांतून काढून घेतले होते.

माझी बोटं उचललीच गेली नाहीत. मी क्लच धरून तशीच बसले आणि डोळे मिटले. ब्रेक असे किंचाळले की पुढचे लोक मान वळवून बघायला लागले. मग इंजिनाची गरम वाफ पाठीवर आली. डोळे उघडले तर टँकरचं तोंड मास्तरांच्या पाठीपासून वीतभर. वरून ड्रायव्हर आम्हालाच शिव्या घालत होता.

"गिअर होता?" मास्तरांनी विचारलं.

"होता."

"वाट होती?"

"होती."

"मग निघाली का नाहीस?"

"तुम्ही पडला असता."

"म्हणून तर हात काढले." ते धापा टाकत होते. "मी आज काय, उद्या काय. तू सुटली असतीस."

मला असा राग आला की डोळ्यांपुढे रस्ता दिसेना. या माणसाने हे आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी स्टुलावर बसून मऊ आवाजात शिकवत होते तेव्हाही ठरवलेलं होतं. आणि मी मेली त्यांच्या पाठीशी इतकी वर्षं बसून त्यांचं मन वाचल्याचा दावा करत होते. राग होता आणि त्याच्या खाली रडू होतं, दोन्ही एकदम वर आलं.

"जगाला शिकवलंत ना सुटायला?" मी म्हटलं. "पुष्कळ झालं. मला नाही शिकायचं."

मी पायाने गिअर काढला. हिरवा दिवा लागला. क्लच सोडून दिला आणि मोकळा झालेला डावा हात मागे नेला. त्यांचा हात मांडीवर पडला होता, तो उचलून कडीत घातला. त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि कापड ओलं लागलं.

सिग्नल सुटला. पुढची मोटार गेली. टँकरवाल्याने हॉर्न धरला, त्याच्या मागच्यांनीही धरला. त्यांचा उजवा हात आत जाईना. बोटं वळत नव्हती आणि कडी अरुंद शिवली होती. मी अर्धवट मागे वळून एकेक बोट आत सारत बसले. पाचही आत गेल्यावर गिअर टाकला आणि हळूच निघाले.