माशाखालची बाटली

आमच्या खाणावळीचा संडास तुंबला म्हणून ओताव्हिओ प्लंबरने फरशी फोडली, तर खाली रंगीत खड्यांनी जडवलेला, दोन हजार वर्षांपूर्वीचा मासा निघाला. रोममध्ये असलं काही पुरातत्त्ववाल्यांना कळलं, की धंद्याला दहा वर्षं टाळं.

"बुजव मुकाट्याने!" मी खेकसले.

"बुजवतो, मालकीणबाई. पाइप डावीकडून नेऊ. तुमचे आजोबा असते तर त्यांनी स्वतः जाऊन कळवलं असतं. देवमाणूस!"

माती लोटताना त्याच्या हाताला बाटली लागली. आत चिठ्ठी, अक्षर आजोबांचं.

"पोरांनो, मासा दिसला ना? गुपचूप बुजवा. आणि डावीकडे अजिबात खणू नका, तिथे मी अख्खं देऊळ बुजवलंय."