रंगवलेल्या तळ्यातली होडी

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं मित्रांनो, फोटो स्टुडिओतला. विरारच्या बाजारात हरेशभाऊंचा छोटासा स्टुडिओ होता. मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून त्यांनी मला शिवून घेतले. मग सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून, स्वतः माझ्यावर निळे डोंगर रंगवले, कमळांचे तळे रंगवले आणि तळ्यात एक होडी सोडली. माझ्यापुढे किती नवरानवरी बसले, किती बाळांनी भोकाड पसरले! "काश्मीरचं भाडं वाचलं बघा," असे लोक म्हणत. ते ऐकून मला संकोच वाटे, पण बरेही वाटे.

पुढे हाताहातांत मोबाइल आले आणि मी गुंडाळला जाऊन माळ्यावर पडलो. तिथे जिवाला घोर. उंदीर खुडबुडला की वाटे, आज डोंगर गेला. छत गळले की वाटे, आज तळे गेले. हरेशभाऊ वारले, तेव्हा खालचे रडणे मला ऐकू आले. पण मला खाली कोण काढणार?

काढले ते त्यांच्या लेकीने, रीमाने. तीही फोटो काढते. मला उलगडून ती माझ्यावर गाल टेकून बसून राहिली. वडिलांच्या हातचे एवढेच तर उरले होते. फाटले होते तिथे तिने मागून ठिगळ लावले, पण पुढच्या रंगाला कुणाला बोटही लावू दिले नाही.

मग ती मला कळंबच्या किनाऱ्यावर नेऊ लागली. सुरूच्या दोन झाडांना मला बांधायची. मागे खरा समुद्र आणि पुढे माझे खोटे तळे. ज्यांच्या घरचे कुणी गेले आहे अशी माणसे येत, माझ्यापुढच्या बाकावर बसत आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडत. "ते इथेच बसलेत असं समजा," रीमा हळूच सांगे. मग चेहऱ्यावर जे उमटे, त्याचा फोटो. मी मात्र वाऱ्याला भिऊन असे. झुळूक आली की वाटे, आता शिवण उसवणार.

एका सकाळी अर्नाळ्याहून कृष्णाबाई आल्या. त्यांचा नवरा पांडू मासेमारीला गेला तो परतलाच नव्हता. होडी तेवढी सापडली, रिकामी. घरची माणसे म्हणत होती, आता त्याचे दिवसकार्य उरकून टाका. त्यांनीच बाईंना इथे पाठवले होते. बाईंनी बांगड्या उतरवल्या नव्हत्या. रोज सांजेला त्याच्या नावाने देवीपुढे दिवा लावत होत्या.

त्या बाकापाशी आल्या आणि मला पाहून थबकल्या.

"गो बाय, ही होडी रिकामी कशी?"

"मावशी, नुसतं चित्र आहे ते. शोभेचं."

"रिकाम्या होडीची कसली गो शोभा? मी नाय बसायची हिच्यापुढं. बसली म्हंजे तो गेला असं कबूल केलं."

"बरं, मग पडदा काढते."

"पडदा नको काढू. मानूस काढ."

रीमाचा चेहरा उतरला. "पप्पांनी रंगवलंय हे. त्यांच्यानंतर कुणी हात नाही लावला."

"होडी केली नि मानूस इसरला, असा कसा गो तुझा बाप?"

रीमाला हसू आले आणि डोळेही भरले.

दुसऱ्या दिवशी ती रंग घेऊन आली. कृष्णाबाई येतील की नाही, ही तिला धास्ती. मला धास्ती तिच्या ब्रशची. वडिलांचे पाणी एकदा झाकले गेले की परत कुठून आणणार? बाई आल्या. रीमाने ब्रश रंगात बुडवला. आधी डोके उमटले, मग खांदे, मग वल्हे धरलेला हात.

"तोंड हिकडं कर," कृष्णाबाई म्हणाल्या. "किनाऱ्याकडं. येऊ दे त्याला."

तेवढ्यात ब्रश घसरला. निळा रंग फिसकटला.

"गेलं!" रीमा किंचाळली.

"गेलं कसं? पानी हाये ते, हलनारच."

काम संपले तशा बाई अगदी जवळ आल्या. होडीतल्या माणसाला न्याहाळत राहिल्या. माझा तर धागा न् धागा ताणला गेला.

"हा माजा नव्हं," त्या म्हणाल्या. "माजा येवढा बारीक नाय. पन असू दे. कोनाचा तरी हाये. येतोय."

आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारची जागा त्यांनी पदराने पुसून घेतली.

मित्रांनो, ज्यांचे माणूस परतलेले नाही, त्यांच्या दारी 'गेले' हा शब्द घाईने बोलू नका. त्यांना आपल्या मनाने ठरवू द्या. आणि माझ्यासारखा रंगवलेला पडदा घरात असेल तर त्याची घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो. सावलीत वाळवून अलगद गुंडाळा. आजही खारा वारा सुटला की मला धडकी भरते. म्हणून सुरूला बांधताना गाठ जरा घट्ट मारा. माझ्या होडीत माणूस आहे.