एका चेहऱ्यापुरतं रबर

घणसोली गावातल्या त्या भाड्याच्या खोलीत चार डोकी होती, सात हात, एक शेपूट, खोट्या रक्ताच्या दोन बाटल्या आणि एक साचा. साचा माझ्या भावाच्या, सुगतच्या चेहऱ्याचा. नाकात नळ्या खुपसून, तोंडावर प्लास्टरच्या पट्ट्या घेऊन पडून राहायला दुसरं कुणी तयारच नसायचं. त्यामुळे खाडीतून वर येणाऱ्या त्याच्या चिखलराक्षसालासुद्धा नाक सुगतचंच.

सुगत राक्षसांच्या फिल्म बनवायचा, मोबाइलवर शूट करून. राक्षस ज्याला फाडतो तोही बहुतेक सुगतच. आई प्रत्येक फिल्म बघायची आणि किंचाळायची.

"आई, रबर आहे माहितीये ना? मग ओरडतेस कशाला?"

"मेल्या, तुझी आतडी बाहेर आल्यात आन् म्हणं रबर!"

शूट संपलं की मेलेला सुगत उठून बसायचा आणि रक्ताळल्या तोंडाने चहा मागायचा. मी प्राणिशास्त्र शिकलेली. त्या जनावरांच्या जबड्यातल्या चुका काढायचे आणि तरी पुन्हा बघायचे. त्या उठून बसण्यासाठी बघत होते, हे आता कळतंय.

जूनमध्ये हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. हॉस्पिटलमधून देह दिला तो चेहरा बांधूनच. सोडू नका, म्हणाले. आईने तो पाहिलाच नाही.

खोली रिकामी करताना साचा तिच्या हातात आला.

"ह्याच्यात ओत पायल. मला त्याला एकदा बघायचंय."

सुगतचा कॅमेरा धरणारा अश्विन म्हणाला, "मावशी, प्लास्टर ओतू या ना."

"दगडाच्या गालावर काय हात फिरवू? त्याच्या डब्यातलं ओत. मऊ असतंय ते."

डब्यात लेटेक्स, ते पातळ रबर, एका चेहऱ्यापुरतंच उरलं होतं. मी एकेक थर दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. मग पावडर लावत काठाकडून सोलत आणलं. नाकाशी अडकलं. जरा जोर लावला तर साचाच फुटला, तुकडे फरशीवर पडले. रबर मात्र अख्खं निघालं. भुवईवरचा व्रणसुद्धा आला होता.

आईने तो चेहरा ओंजळीत धरला. सकाळी सुगतला उठवताना धरायची तसाच, हनुवटी तळव्यात, बोटं कानाखाली. मग बोटं सरकवून पुन्हा धरला.

"हा नव्हं पायल. हा नववीतला सुगत हाय. माझा हात भरत नाही."

अश्विन खाली बघत म्हणाला, "लेटेक्स वाळलं की आवळतं, मावशी. राक्षसाला चालतं."

"मग दुसरा कर."

अश्विन साच्याचे तुकडे गोळा करू लागला. तिने एकदा फरशीकडे पाहिलं आणि चेहरा माझ्या हातात दिला.

ओतण्याआधी मी साचा मोजला होता. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत एकोणीस सेंटिमीटर. मोजपट्टी रबरावर धरली. अठरा पूर्णांक एक.