सांडू माळ्याची सायकल

"काका, हिला चाकं नाहीत. चालेल ना?"

रिक्षातून उतरवलेली फ्रेम विशाखाने दुकानाच्या पायरीला टेकवली. कडुबाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फ्रेम एका हाताने उचलली. उचलताक्षणीच त्याला कळलं, ही दूधवाल्याची काळी सायकल नव्हे. इतकी हलकी नळी विलायतेचीच.

"कुठली ही?"

"करमाडची. आमचं जुनं घर पाडायला काढलंय, तिथं माळ्यावर निघाली. आजोबांची आहे." ती जरा थांबली. "गाव म्हणतं, चोरीची आहे."

पुंडलिकनगरच्या रस्त्यावर कडुबाचं दुकान चाळीस वर्षांचं. पंक्चर, ब्रेकचे रबर, पोरांच्या सायकलींची बारकी चाकं, हे पोटासाठी. जीव मात्र अडकलेला जुन्या विलायती फ्रेमींत. तरुणपणी छावणीच्या भंगारात अशी एक फ्रेम हाती लागली, तेव्हापासून मिळेल त्या फ्रेमच्या नळ्यांचे जोड, पुढचं चाक धरणारा चिमटा, नंबर तो वहीत उतरवून ठेवत आला होता. आता पुण्या-कोल्हापूरचे शौकीन त्याला फोनवर फोटो पाठवत आणि तो बसल्या जागेवरून कळवत असे, 'बावन्नची आहे, चिमटा मागून बदललाय.' त्याची बायको मनकर्णाबाई म्हणायची, "येवढं कळून कुणाचं काय भलं झालं?" तो वहीत पुढचा नंबर उतरवत राहायचा.

विशाखा स्टुलावर बसली. शाळेत शिकवणारी बाई, पण आज तिला नीट सुरुवात करता येत नव्हती.

"माझे आजोबा सांडू. छावणीत एका गोऱ्या पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर माळी होते. पंचावन्न साली साहेबाची सायकल गेली. धरलं आजोबांना. तीन महिने जेल झाली. सायकल काही सापडली नाही. मग त्रेसष्ट साली ते ही घेऊन घरी आले. म्हणाले, जुन्या बाजारातून घेतली. कोण ऐकतंय? लोक म्हणाले, लपवलेली आता बाहेर काढली."

"तुझे वडील काय म्हणतेत?"

"पप्पांना शाळेत सायकलचोराचा म्हणायचे. धम्मपाल म्हणून कुणी हाकच मारली नाही. पंधराव्या वर्षी घर सोडलं त्यांनी. पुन्हा आजोबांचं तोंड पाहिलं नाही. ते वारले तेव्हासुद्धा गेले नाहीत." तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. सांडूच्या सुटकेचा. आजीच्या ट्रंकेत निघालेला. त्यावर तारीख स्पष्ट होती, साल पंचावन्न. "आता पप्पांना अर्धांगवायू झालाय. वाचा गेली, समजतं सगळं. मला एवढंच सांगा काका, ही साहेबाची सायकल आहे का?"

कडुबाने कागद दोनदा वाचला. "दोन दिस दे मला," तो म्हणाला.

फ्रेम उलटी करून पॅडलचा एक्सल बसतो तो खालचा गोळा, जिथं कारखाना नंबर ठोकतो, त्याने रॉकेलच्या बोळ्याने ओला केला. साठ वर्षांचा मेणचट चिखल दात घासायच्या जुन्या ब्रशने हळूहळू सुटत गेला. घाई केली असती तर आकड्यांच्या कडा गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर दिसला. पहिले दोन आकडे पाच आणि आठ. हा कारखाना बर्मिंगहॅमचा, छोटा, आणि त्याची रीत कडुबाला ठाऊक होती: नंबराच्या आधी साल. पण नुसत्या नंबरावर विसंबायचा त्याचा स्वभाव नव्हता. मागचं चाक बसतं त्या पत्त्यांना गिअर टांगायचा कान होता. वहीतल्या या कारखान्याच्या जुन्या फ्रेमींना तो कुठेच नव्हता, सत्तावन्नपासून पुढे होता. पुढच्या जोडाचं टोक लांब आणि निमुळतं होतं, तेही नंतरच्याच घडणीचं. तीनही खुणा एकच सांगत होत्या.

त्याने विशाखाला फोन लावला.

"ताई, ही फ्रेम अठ्ठावन्नची हाये. साहेबाची सायकल गेली तवा ही बनलीबी नव्हती."

"पुन्हा सांगा काका," विशाखा म्हणाली.

"साहेबाची ती कुणी नेली, ते मला सांगता यायचं नाय," कडुबा म्हणाला. "पण ही ती नव्हं. तुझे आजोबा खरं बोलत व्हते."

"काका, तुम्हीच घरी येऊन सांगाल का? माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल, मन राखायला बोलतेय."

दोन गल्ल्या सोडून घर. कडुबा फ्रेम खांद्यावर घेऊन निघाला. मनात म्हटलं तर आनंदच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या वहीचा कुणाला उपयोग होणार होता.

धम्मपाल खिडकीशी खाटेवर उशांना टेकून बसलेला. अडुसष्ट वर्षांचा, दाढी नुकती केलेली, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. फ्रेम दिसताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जयभीम," कडुबा म्हणाला. "मी सायकलवाला कडुबा. एक गोष्ट सांगून जातो, मग पायजे तर मला बाहेर काढा."

त्याने सगळं सावकाश सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं. सुटकेचा कागद समोर धरला. मग फ्रेम खाटेवर आडवी ठेवून धम्मपालचा डावा हात धरला आणि त्याचा अंगठा आकड्यांवर टेकवला. "हा पाच. हा आठ. पंचावन्ननंतर तीन वर्षांनी बनली ही. तुमच्या बानं जुन्या बाजारातूनच आणली व्हती."

धम्मपालने मान वळवली. अंगठा आकड्यांवरून एकदा गेला, परत आला. त्याने सुटकेच्या कागदाकडे पाहिलं, मग मुलीकडे. आता चेहरा निवळेल म्हणून कडुबा वाट पाहत होता.

"ब," धम्मपाल म्हणाला. ओठ जुळवून पुन्हा, "ब... ब..." शब्द पुरा होईना. डोळ्यांतून पाणी आलं. डाव्या हाताची मूठ करून तो छातीवर मारू लागला.

विशाखाने हात धरला. "पप्पा, चांगली गोष्ट आहे ना ही. आजोबा चोर नव्हते पप्पा."

त्याने हात हिसकला.

कडुबाला तेव्हा उमगलं आपण काय आणलं ते. बाप चोर, म्हणून घर सोडलं. बाप चोर, म्हणून मयतीला गेलो नाही. या माणसाने त्यावर आयुष्य काढलं होतं. आता ती वर्षं तशीच राहिली होती, कारण गेलं होतं. आणि क्षमा मागायला ना माणूस होता, ना वाचा.

"तवा तुम्ही पोर व्हते," तो म्हणाला. "तुम्हाला कोन सांगनार? मोठ्यांना कळलं नाय, ते तुम्हाला कसं कळंल?"

धम्मपालने ऐकलं की नाही, कळलं नाही. आपण 'नंबर झिजलाय, वाचता येत नाही' म्हणालो असतो तर, असं कडुबाच्या मनात आलं. पण आयुष्यात त्याने एकाही फ्रेमचं साल खोटं सांगितलं नव्हतं.

विशाखा ताट घेऊन आली. जेवायला जागा व्हावी म्हणून ती फ्रेम उचलू गेली, तर धम्मपालने नळी घट्ट पकडली. ओढाताणीत फ्रेम कलली आणि तिचं मागचं टोक त्याच्या छातीवर येऊ लागला. कडुबा चटकन खाटेशी उकिडवा बसला आणि मागची बाजू त्याने आपल्या गुडघ्यावर तोलून धरली.

"काका, मी धरते. तुमचे गुडघे दुखतील."

"असू दे."

खिशातला फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. दुकानावर गिऱ्हाईक आलं असावं. ताटातली भाकरी वाळत चालली. धम्मपालचा अंगठा पाचावरून आठावर, आठावरून पाचावर फिरत होता, आणि फ्रेम हलू नये म्हणून कडुबा श्वाससुद्धा बेताने घेत होता.