सीटखालचं टक्

जावयाने गाडी घेतली ती रंग बघून. हे कळल्यापासून सासरे दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडणारा सासरा हाताशी असताना माणसाने अठरा वर्षांची जुनी गाडी घ्यावी, आणि तीही न विचारता! "मामा, असा आकाशी रंग हल्ली मिळतो कुठे?" एवढाच जावयाचा बचाव. वर गणिताचा शिक्षक.

आणि आज तो गाडी न्यायला गेला, तर ती विकणाऱ्या काकूंच्या फाटकासमोरून हलेना. काल चक्कर मारली तेव्हा लोण्यासारखी चालली होती. आज किल्ली फिरवली की चिडीचूप. मग सासऱ्यांना, म्हणजे मामांना, फोन गेला. मामा स्कूटरवर हत्यारांची पेटी घेऊन आले. चेहऱ्यावर आनंद दिसू नये याची त्यांनी वाटभर काळजी घेतली होती.

"काय काय केलंत, जावईबापू?"

"ढकलून पाहिली."

"कुठपर्यंत?"

"त्या कुंडीपर्यंत."

कुंडीचे तीन तुकडे झाले होते.

काकू फाटकाला धरून उभ्या होत्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, गाडी चालवता येत नव्हती, म्हणून विकायला काढली. "तिला जायचंच नसेल हो," त्या म्हणाल्या. "राहू दे मग इथेच."

"वहिनी, गाडीला मन नसतं, वायरी असतात," मामा म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

आत सगळीकडे तारखा! बॅटरीवर तारीख, दिव्यांवर तारीख, पाण्याच्या टाकीवर तारीख. बारीक, सरळ अक्षरात, काळ्या पेनाने.

"हा काय प्रकार?"

"आमच्या ह्यांचं काम. ऑफिसात ह्यांना 'तारीख' म्हणूनच हाक मारायचे. कुठलीही वस्तू बदलली की तारीख टाकायचीच. घरातला बल्ब कधी लावला ते बल्बच सांगतो." काकू म्हणाल्या. "माझा वाढदिवस तेवढा विसरायचे."

मामांनी हॉर्न वाजवला. शेजारचं कुत्रं दचकलं. दिवे लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग त्यांनी बॅटरीवरून स्टार्टरच्या बारीक वायरीला थेट करंट दिला. इंजिन घर्र करून फिरलं. म्हणजे स्टार्टरही निर्दोष. किल्लीच्या मागे टेस्टरचा बल्ब पेटत होता, स्टार्टरपाशी पेटत नव्हता.

"करंट किल्लीतून निघतो आणि स्टार्टरपर्यंत पोचत नाही. मधेच कुठेतरी गायब होतो," मामा म्हणाले. "तुमच्या वर्गातल्या पोरांसारखा."

"मग आता?"

"अशा जुन्या गाड्यांत कधीकधी चोरस्विच असतो. लपवलेला. तो दाबल्याशिवाय गाडी चालूच होत नाही, चोर बसतो किल्ली फिरवत. वहिनी, गाडी चालू करण्याआधी तुमचे हे कुठे हातबित घालायचे का?"

काकू लाजल्या. सत्तरीच्या बाई, पण अगदी कानापर्यंत लाल झाल्या.

"माझ्या सीटखाली," त्या हळूच म्हणाल्या. "खाली हात घालून टक् करायचे आणि म्हणायचे, 'निघायचं ना?' एकदाही चुकले नाहीत. बोलणारे नव्हते हो फार. कौतुक नाही, काही नाही. पण ते टक् मात्र माझं होतं."

मामांचा हात तोवर सीटखाली पोचला होता. बोटांना थंडगार धातूचं बटण लागलं. चाळीस वर्षांत बिघाड सापडल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"सापडलं का मामा?" जावई गरजला. काही माणसांना गप्प बसायचं गणित कधीच सुटत नाही.

"नाही... म्हणजे, हा सीट मागेपुढे करायचा खटका आहे."

"तो पुढे आहे," काकू म्हणाल्या. "सतरा वर्षं बसलेय मी त्या सीटवर."

त्यांनी वाकून पाहिलं. स्वतः हात घातला. टक्. तोच आवाज. त्या सावकाश सरळ झाल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "अस्सं. म्हणजे स्विच होता." आणि हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं.

जावयाने घाईघाईने किल्ली फिरवली. चिडीचूप. बटण उलट करून पुन्हा फिरवली. तरीही चिडीचूप.

मामांनी कान टवकारले. ते आडवे पडून टॉर्च घेऊन सीटखाली शिरले. स्विचच्या दोन वायरी चार बोटांवर कापलेल्या होत्या. कुठेच जात नव्हत्या. मेलेला स्विच! मग मामा डॅशबोर्डखाली गेले, डोकं आपटलं, स्टीअरिंगला एक शिवी दिली आणि टेप गुंडाळलेला एक जोड बाहेर ओढला. जोडाच्या अलीकडे टेस्टर पेटला, पलीकडे नाही.

"इथेच बसलाय बघा चोर! आत तांबं हिरवं पडलंय." मग त्यांनी टॉर्च जवळ आणला. टेपवर बारीक, सरळ अक्षरं होती.

"वहिनी, चष्मा आहे? वाचा तुम्हीच."

काकूंनी वाचलं. आधी तारीख, खाली एक ओळ: 'स्विच काढून थेट जोडलं.'

"ह्यांचंच अक्षर," त्या म्हणाल्या. मग तारखेकडे बघतच राहिल्या. "पण हे... अकरा वर्षांपूर्वीचं आहे."

"होय. अकरा वर्षांपासून त्या बटणाचा गाडीशी काडीचा संबंध नाही."

"आणि हे तर गेल्या वर्षीपर्यंत रोज टक् करायचे!" त्या सीटकडे बघत म्हणाल्या.

जावयाच्या डोक्यात प्रकाश पडायला अंमळ वेळ लागला. पडला तेव्हा तो फुटलेल्या कुंडीची माती गोळा करू लागला. शहाणं काम तेवढंच होतं.

मामांनी जुना टेप न फाडता सोडवला आणि काकूंच्या हातात दिला. तांबं घासलं, नवा जोड केला, कोरा टेप गुंडाळला. खिशातून पेन काढून आजची तारीख टाकली. आयुष्यात कधी टाकली नव्हती.

"ते मेलेलं बटण काढून टाकू का?"

"हात तर लावून बघा!" म्हणत काकू आपल्या सीटवर जाऊन बसल्या. "एक चक्कर मारून आणा मला. मग न्या तुमची गाडी."

जावयाने किल्लीला हात घातला.

"थांब रे, घाई कसली," काकू म्हणाल्या. वाकून त्यांनी सीटखाली हात घातला.

टक्.

"हं. निघू या."

गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. मामा पेटीत तोंड घालून बराच वेळ पक्कड शोधत राहिले. पक्कड त्यांच्या हातातच होती.